धुराची जकात आणि चालकाचें म्हणणें



नववीच्या वर्गांत ‘शहरें आणि त्यांची हवा’ हा विषय चालला होता. लंडन शहरांत जुनी, धूर सोडणारी मोटार घेऊन फिरणारास दररोज ठराविक रक्कम भरावी लागते, असें मीं सांगितलें. बहुतेक मुलांस ती गोष्ट नवलाची वाटली, परंतु मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, हवा सगळ्यांची आहे. मग पैसे एकट्या मोटारवाल्यानेंच कां भरायचे?” त्याचे वडील मालमोटार चालवितात व महिन्यांतील बरेच दिवस घराबाहेर असतात. हा प्रश्न त्याच्या घरांतून आलेला होता, हें माझ्या ध्यानांत आलें. म्हणून तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्याची बोळवण करणें मला योग्य वाटलें नाहीं.

पुढें पालकसभेच्या दिवशीं त्या वडिलांची गांठ पडली. मुलाचा प्रश्न त्यांच्या कानांवर घालतांच ते म्हणाले, “सर, धूर काय मला गोड लागतो होय? घाटांत पुढच्या गाडीचा सगळा धूर माझ्याच नाकांत जातो. पण गाडीवर कर्ज आहे, भाडें आधींच ठरलेलें असतें. मध्येंच कोणी नवी पावती पुढें केली, तर ते पैसे माझ्याच घरांतून जायचे.” पुत्राचा प्रश्न व पित्याचें हें बोलणें, या दोहोंचा विचार करण्यासाठीं प्रस्तुत पाठ लिहिला आहे.

आपलें म्हसवड सातारा–पंढरपूर रस्त्यावर वसलेलें आहे. माणदेशांत पाऊस थोडा. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या येथील माणसें पोटासाठीं बाहेर पडत आलीं. कोणी मुंबईस हमालीस गेला, कोणी टॅक्सी चालवूं लागला, कोणी मालमोटारीवर क्लीनर म्हणून चढला व पुढें चालक झाला. आटपाडी, सांगोला व माण या भागांतील डाळिंबें दूरदूरच्या बाजारपेठांस जातात, तीं या मोटारींतूनच. तेव्हां दूरच्या शहरांतील हवेच्या कायद्याशीं आपला संबंध नाहीं, असें कोणीं समजूं नये.

१. ही जकात कशावर?

वडील मंडळींस जकात नाका चांगला आठवत असेल. शहराच्या वेशीवर गाडी उभी राही, मालाची तपासणी होई, पैसे भरल्यावर गाडी आंत जाई. मुंबईंतील जकात १ जुलै २०१७ रोजीं, वस्तु व सेवा कर सुरू झाला तेव्हां बंद झाली. ती जकात मालावर होती. टोल हा रस्त्यावर किंवा पुलावर असतो. मुंबईच्या पांच प्रवेशद्वारांवरील टोल उड्डाणपुलांच्या खर्चासाठीं बसविलेला होता. हलक्या मोटारींस तो ऑक्टोबर २०२४ पासून माफ झाला.

ज्या आकाराचा येथें विचार करावयाचा तो या दोहोंहून निराळा. शहराचा कांहीं भाग आंखून घेतात व त्यास स्वच्छ हवेचें क्षेत्र म्हणतात. त्या क्षेत्रांत शिरणाऱ्या गाडीच्या क्रमांकाचें चित्र कॅमेरा टिपतो. नोंदणीवरून तिचें इंजिन कोणत्या मानकाचें आहे तें कळतें. इंजिन पुरेसें स्वच्छ असेल तर कांहीं द्यावें लागत नाहीं. नसेल तर त्या दिवसाचा आकार भरावा लागतो. मालाशीं वा रस्त्याशीं त्याचा संबंध नाहीं. तो गाडीच्या धुरावर आहे. म्हणून आपण त्यास ‘धुराची जकात’ म्हणूं.

महाराष्ट्रांत अशी हद्द अद्याप कोणत्याहि शहरानें आंखलेली नाहीं. आपल्याकडे जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे. पण तो गाडीच्या वयावरून नोंदणी कार्यालयांत भरावयाचा असतो, शहरांत शिरण्यावरून नव्हे. तथापि विषय दाराशीं येऊन ठेपला आहे. मुंबईच्या हवेसंबंधीं उच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें चिंता व्यक्त केली, आणि पेट्रोल व डिझेलवरील गाड्या मुंबई महानगर प्रदेशांतून हळूहळू कमी करून केवळ नैसर्गिक वायु व वीज यांवर चालणाऱ्या गाड्या ठेवतां येतील काय, हें अभ्यासण्यासाठीं राज्य सरकारनें त्याच महिन्यांत सात सदस्यांची समिती नेमली.

२. धुरांत काय असतें?

डिझेलच्या धुरांत काजळीचे इतके सूक्ष्म कण असतात कीं ते डोळ्यांस दिसत नाहींत. ज्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी, ते कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारें विसाव्या ते तिसाव्या हिश्शाएवढे असतात. नाकांतील केस व घशांतील कफ यांस ते अडत नाहींत. फुप्फुसाच्या अगदीं आंतल्या पिशव्यांपर्यंत जातात. त्यांच्याच जोडीस नायट्रोजन डायॉक्साइड हा वायु असतो; त्यानें श्वासनलिकेचा दाह होतो व दम्याच्या रोग्यास फार त्रास होतो. आपल्या देशांत या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेंत ४० मायक्रोग्रॅमपर्यंत असावी, असें मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सुचविलेली मर्यादा केवळ ५ आहे. त्याच संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें जून २०१२ मध्यें डिझेलचा धूर माणसांत कर्करोग उत्पन्न करतो असें जाहीर केलें.

लंडनमधील एका वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्यानें फेब्रुवारी २०१३ मध्यें वारली. डिसेंबर २०२० मध्यें मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें तिच्या मरणाच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्यें अशी नोंद होण्याचा तो पहिलाच प्रसंग. ती तुमच्याहून लहान होती. धुराच्या जकातीचा विचार करतांना तराजूच्या एका पारड्यांत हें लेंकरूं आहे, हें विसरूं नये.

३. चालकांचीं चार गाऱ्हाणीं

आतां दुसरें पारडें पाहूं. निरनिराळ्या देशांतील चालक निरनिराळ्या भाषा बोलतात, पण त्यांचीं गाऱ्हाणीं बहुधा सारखींच आहेत.

पहिलें : ज्याच्यापाशीं पैसा कमी, त्याचीच गाडी जुनी. श्रीमंत मनुष्य नवी मोटार घेऊन फुकट आंत जातो. जुन्या टेंपोवर पोट भरणारा मात्र रोज भरतो. आकार एकच, पण एकाच्या खिशास तो जाणवतहि नाहीं व दुसऱ्याच्या घरची चूल त्यावर अवलंबून असते.

दुसरें : गाडी घेतली तेव्हां ती कायदेशीर होती. सरकारानेंच तिची नोंदणी केली, वर्षानुवर्षें कर घेतला. मग मध्येंच ती अपराधी कशी ठरली?

तिसरें : हवा काय फक्त मोटारींनींच बिघडते? बांधकामाची धूळ, कारखाने, भट्ट्या, जाळला जाणारा कचरा यांचा हिशेब कोण घेतो? चालक तेवढा नाक्यावर सांपडतो, म्हणून वसुली त्याच्याकडून.

चौथें : गोळा झालेला पैसा जातो कोठें? हवेच्या नांवानें घेतलेला रुपया हवेसाठींच खर्च होतो, हें आम्हांस कोण दाखवितो?

विद्यार्थ्यांनो, यांतील एकहि गाऱ्हाणें पोरकट नाहीं. परंतु गाऱ्हाणें खरें असलें म्हणजे उपाय सोडून द्यावा, असेंहि होत नाहीं. धुराचा पहिला बळी स्वतः चालकच असतो. दिवसांतील दहा-बारा तास जो भर रस्त्यावर, दुसऱ्याच्या धुराड्यामागें बसतो, त्याच्याइतकी वाईट हवा क्वचितच कोणी घेत असेल. तेव्हां हवा सुधारण्यांत त्याचें हित आहेच. तें हित त्याच्या पदरांत कोणत्या रीतीनें पडेल, एवढाच प्रश्न उरतो. याचें उत्तर तर्कानें शोधण्यापेक्षां घडलेल्या गोष्टींवरून शोधणें बरें.

४. मुंबईची टॅक्सी

१९९९ सालीं मुंबईंतील धुरानें त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या एका मंडळानें उच्च न्यायालयांत याचिका केली. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिती बसली, तिचा अहवाल २००० सालीं आला. आणि पंधरा वर्षांवरील टॅक्सी स्वच्छ इंधनावर चालवाव्या, अशा प्रकारचे आदेश पुढें निघाले. टॅक्सीवाल्यांस हें जड गेलें. वायूची टाकी बसविण्यास पैसे पाहिजेत. ती टाकी सामानाची जागा अडविणार. वायु भरण्याचे पंप थोडे, म्हणून तासन्‌तास रांगेंत उभें राहावें लागे, आणि रांगेंत उभ्या असलेल्या टॅक्सीस भाडें मिळत नाहीं.

तरीहि पुढें मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी जवळजवळ सगळ्याच वायूवर आल्या. याचें कारण केवळ न्यायालयाचा धाक नव्हे. नैसर्गिक वायु पेट्रोलहून स्वस्त पडे. त्यामुळें टाकीचा खर्च फिटल्यावर टॅक्सीवाल्याच्या हातीं रोज चार पैसे अधिक उरूं लागले. जी सुधारणा गरिबाच्या खिशांत कांहीं टाकते ती टिकते.

त्याच मुंबईंत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षें ठरली. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेव येथें नोंदली गेली होती. वीस वर्षें भरतांच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. पुष्कळांस वाईट वाटलें. तथापि टॅक्सी घेतांनाच तिचें आयुष्य किती हें चालकास ठाऊक असेल, तर तो त्या बेतानें पैसा बाजूस टाकूं शकतो. आधीं सांगितलेला नियम कडक असला तरी सोसतो. अचानक आलेला नियम सौम्य असला तरी बोंचतो.

५. दिल्लीच्या वेशीवर

आपल्या देशांत धुराच्या जकातीस सर्वांत जवळचें उदाहरण दिल्लीचें. कित्येक मालमोटारींस दिल्लींत काम नसे. पलीकडच्या राज्यांत जाण्यास जवळचा रस्ता म्हणून त्या रात्रीं शहरांतून जात. सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०१५ मध्यें दिल्लींत शिरणाऱ्या मालमोटारींवर पर्यावरण भरपाई आकार बसविला : हलक्या व दोन आंसांच्या गाडीस ७०० रुपये, तीन वा अधिक आंसांच्या गाडीस १,३०० रुपये. डिसेंबर २०१५ मध्यें तो दुप्पट होऊन १,४०० व २,६०० झाला. अन्नधान्य, फळें, भाजी यांसारख्या जरुरीच्या मालास सूट होती. परंतु कोणत्या गाडींत काय आहे हें तपासण्यासाठीं गाड्या नाक्यावर खोळंबत व उभ्याउभ्या धूर सोडीत. म्हणून सप्टेंबर २०२५ च्या आदेशानें ती सूटहि काढून घेण्यांत आली. म्हणजे आपल्याकडील डाळिंबाची गाडी दिल्लीस गेली, तर तिलाहि आतां हा विषय परका राहिलेला नाहीं.

या गोष्टींत दोन धडे आहेत. एक चांगला : २०१८ सालीं दिल्लीच्या पूर्वेकडून व पश्चिमेकडून वळसा घालणारे दोन द्रुतगति महामार्ग पुरे झाले, व ज्या गाडीचें दिल्लींत काम नाहीं तिला बाहेरून जाण्याची सोय झाली. पण पाहा, आकार आला २०१५ सालीं आणि वाट झाली २०१८ सालीं. मधलीं तीन वर्षें चालकानें काय करावें? दुसरा धडा खेदाचा : जमलेल्या रकमेचा मोठा भाग कांहीं वर्षें खर्चाविना पडून राहिला, अशी टीका झाली. चौथें गाऱ्हाणें तुम्हांस आठवत असेल. तें अशाच ठिकाणीं जन्मास येतें.

त्याच शहरांत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांस पंपावर इंधन देऊं नये, असा नियम अंमलांत आणला गेला. लोकांचा रोष इतका झाला कीं तो थोड्याच दिवसांत थांबवावा लागला. “नीट राखलेली माझी गाडी वयानें जुनी, पण धूर सोडीत नाहीं, मग वय पाहतां, धूर कां पाहत नाहीं?” असें मालक विचारीत होते. हा प्रश्न वाजवी आहे.

६. परदेशांतील तीन शहरें

लंडनमध्यें १७ फेब्रुवारी २००३ रोजीं मध्यवस्तींतील गर्दीवर पांच पौंडांचा आकार बसला. धुरावरचा आकार ८ एप्रिल २०१९ पासून आला. तो जुन्या मानकांच्या मोटारीस दिवसास साडेबारा पौंड आहे, व २९ ऑगस्ट २०२३ पासून तो शहराच्या सर्व विभागांस लागू झाला. उपनगरांतील चालकांनीं मोठा विरोध केला, कित्येक कॅमेरे फोडले गेले. महापालिकेनें जुनी मोटार मोडीत काढणारास दोन हजार पौंड देऊं केले. आतां थोडें गणित करूं. जो कारागीर वर्षांतून ३०० दिवस जुनी मोटार घेऊन निघतो त्यास ३०० × १२.५० = ३,७५० पौंड भरावे लागतील. साहाय्याची २,००० पौंडांची रक्कम म्हणजे १६० दिवसांचा आकार. ती घेऊन गाडी बदलणें शहाणपणाचें, हें गणित सांगतें. पण २,००० पौंडांत दुसरी गाडी येते काय, हें बाजार सांगतो. दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय चालकास मूर्ख म्हणूं नये.

मँचेस्टर भागांत असा आकार मे २०२२ पासून यावयाचा होता. टॅक्सी व छोट्या मालमोटारींच्या चालकांनीं गाडी बदलण्यास पुरेशी मदत व वेळ नाहीं असें म्हटलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें योजना थांबली, व जानेवारी २०२५ मध्यें आकाराऐवजीं बसगाड्या व टॅक्सी स्वच्छ करण्यावर पैसा घालण्याचा मार्ग मान्य झाला.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिनें निराळा क्रम धरला. आधीं, २००५ च्या ऑगस्टपासून, बसगाड्या वाढविल्या. मग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ पर्यंत आकार केवळ प्रयोग म्हणून लावला. नंतर सप्टेंबरांत लोकांचें मत घेतलें. तो आकार गर्दीवर होता, पण हवेसहि त्याचा लाभ झाला. वेशीवरील रहदारी सुमारें एकपंचमांश घटली. प्रारंभीं बहुतेकांचा विरोध होता. प्रयोग पाहिल्यावर शहरांतील बहुमतानें होकार दिला, व १ ऑगस्ट २००७ पासून तो कायम झाला. तेथें आधीं सोय, मग परीक्षा, मग संमति, आणि शेवटीं कायदा असा क्रम राहिला.

७. तात्पर्य

या सर्व गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे धुराची जकात केव्हां न्याय्य म्हणावी हें दिसूं लागतें. ती गाडीच्या केवळ वयावर नव्हे, तर खऱ्या धुरावर असावी. ती लागण्यापूर्वीं पुरेसा काळ व पर्यायी वाट मिळावी. मग ती वाट बाहेरचा रस्ता असो, वाढीव बस असो, वा गाडी बदलण्यास साहाय्य असो. जमलेल्या पैशाचा हिशेब दरसाल उघडा असावा. धूळ, भट्ट्या व कचरा यांजकडेहि तितक्याच कडक दृष्टीनें पाहावें. आणि जो माल मागवितो त्यानें भाडें ठरवितांनाच हा आकार कोणाकडे हें लिहून द्यावें; नाहीं तर दुकानदाराचा व गिऱ्हाइकाचा भार गुपचूप चालकाच्या माथीं येतो. शहरांत जो फळ खातो, त्याचाहि त्या धुरांत वांटा आहे.

चालकाचेंहि कांहीं कर्तव्य आहे. गाडी न तपासतां धुराचें प्रमाणपत्र पैसे देऊन मिळविणें, ही आपल्याच लेंकरांची फसवणूक होय. हवेची गाळणी वेळेवर बदलणें, भेसळीचें इंधन न भरणें, क्षमतेपेक्षां अधिक माल न लादणें, उभ्या गाडीचें इंजिन बंद ठेवणें, या गोष्टींस कोणत्याहि सरकारी आज्ञेची वाट पाहावी लागत नाहीं; शिवाय त्यांत डिझेलहि वांचतें. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या भारत स्टेज सहा या मानकाच्या आहेत, व इंधनांतील गंधकाचें प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आलें आहे. परंतु नवें इंजिनहि निष्काळजी हातांत जुन्यासारखेंच काळें ओकूं लागतें.

आतां त्या विद्यार्थ्याचें उत्तर. बाळ, हवा सगळ्यांची आहे, हें तुझें म्हणणें खरें; म्हणूनच ती स्वच्छ करण्याचा खर्चहि सगळ्यांचा आहे. तुझ्या वडिलांनीं त्यांतील आपला हिस्सा द्यावा, हें रास्त. पण सगळ्यांचा हिस्सा एकट्या त्यांनीं द्यावा, हें रास्त नव्हे. जेव्हां एखादें शहर चालकास ‘भर’ असें म्हणतें, तेव्हां त्यानें ‘ही घे दुसरी वाट’ असेंहि म्हटलें पाहिजे. वडील या खेपेहून परत आले म्हणजे हा पाठ त्यांस वाचून दाखव, व त्यांस काय वाटतें तें मला येऊन सांग. रस्ता त्यांनीं माझ्याहून पुष्कळ अधिक पाहिला आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. जकात, टोल व धुराची जकात यांतील भेद तुमच्या शब्दांत लिहा.

२. दोन आंसांची एक मालमोटार महिन्यांतून चार वेळां दिल्लींत जाते. १,४०० रुपयांच्या दरानें तिचा वर्षाचा आकार किती होईल? ती रक्कम चालक, मालक, व्यापारी व गिऱ्हाईक यांनीं कशी वांटून घ्यावी असें तुम्हांस वाटतें, तें कारणांसह सांगा.

३. घरांतील किंवा शेजारच्या एका चालकास भेटून, दिवसांत किती तास ते रस्त्यावर असतात व धुराचा त्यांस कोणता त्रास होतो, हें विचारा व दहा ओळींत लिहून आणा.